ओलीच्या मागावर पाच दिवस: सावंतवाडी, बांबर्डे, आंबोली

‘फिल्मी फर्न’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी सिनेमा येतो. इथली फिल्म म्हणजे पापुद्रा. हायमेनोफायलेसी कुळातल्या नेच्यांचं, म्हणजे फर्नचं, पान शिरा सोडल्या तर बहुतेक ठिकाणी फक्त एका पेशीइतकं जाड असतं. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधून निघणारा तो निसटता पापुद्रा हिरवा करून कातरला, तर जवळपास असंच दिसेल. कुळाचं नावही ग्रीक भाषेतल्या ‘पडदा’ आणि ‘पान’ या दोन शब्दांवरून आलं आहे. २०१६च्या वर्गीकरणानुसार जगभरात ९ प्रजातींत (जीनसमध्ये) मिळून यांच्या सुमारे ४३० जाती आहेत. मराठीत रूढ नाव नाही, म्हणून या मजकुरापुरतं ‘पापुद्री नेचे’.

या पानाला पर्णरंध्रं नसतात, वरचा मेणचट थर नसल्यातच जमा असतो. म्हणजे पाणी आत घ्यायला आणि बाहेर जायला सगळं पानच उघडं. हवा ओली तर पान ओलं, हवा कोरडी तर पान कोरडं. त्यामुळे हा नेचा शोधणं म्हणजे बाराही महिने पूर्ण न सुकणारी जागा शोधणं. पाच दिवसांची आखणी याच हिशेबाने केली: आधी समुद्रसपाटीजवळची ओल, मग घाटातली, मग माथ्यावरची.

वेळ सप्टेंबर संपतानाची. जून-जुलैत व्हाळ, म्हणजे ओढे, फुगलेले असतात, कपारीपर्यंत पोचता येत नाही आणि पोचलं तरी पानांवर गढूळ पाण्याचा राप असतो. ऑक्टोबर तापला की पानं वळून काळपट होतात, शेवाळातून ओळखू येत नाहीत. मधले तीन-चार आठवडे चांगले: पानं पूर्ण वाढलेली, बीजाणू आलेले, व्हाळात पाणी घोट्याएवढं. फक्त गणपतीचे दिवस टाळायचे. चाकरमान्यांच्या गर्दीत गाडीचं तिकीट मिळत नाही आणि मिळालं तरी गावात राहायला खोली मिळत नाही.

पहिला दिवस: सावंतवाडी

दादरहून तुतारी एक्सप्रेस. ही मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख एक दिवस पुढची लागते. शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं. यात फसणारे दर वर्षी फलाटावर भेटतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, दुपारी उतरल्यावर जंगल गाठायचा विचार सोडून द्यावा. सावंतवाडी रोड स्थानक गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा.

दुपार सामानात गेली. यादी लहान आहे, पण प्रत्येक वस्तूला कारण आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतं तसलं, दोरीला बांधून गळ्यात. हातातून सुटलं तर व्हाळात जातं. डोक्याला बांधायची एक बॅटरी आणि बोटाएवढी दुसरी, कारण दुसरी पानाच्या मागे धरायची असते. पंधरा सेंटिमीटरची पट्टी. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. फवारणीची बाटली, तिच्यात पावसाचं पाणी. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको: त्यातले क्षार पान वाळल्यावर पानावरच राहतात, आणि इतक्या पातळ पानाला तेवढे क्षारही जाच करतात.

जळवांसाठी लोक मीठ नेतात. न्यावं, पण पुरचुंडीत, आणि ते रस्त्यावर परत आल्यावर वापरावं. कपारीसमोर उभं राहून बुटावर मीठ झाडलं आणि चार खडे शेवाळात पडले, तर तिथला पापुद्री नेचा करपतो. त्याला अंगावर कातडंच नाही. अंगाला लावायच्या मच्छर-मलमाचंही तेच. हाताला मलम लावून पानाला बोट लावू नये. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे आणि त्यावर गमबूट एवढ्यावर बऱ्याच जळवा थोपवता येतात.

आर्द्रतेचं यंत्र संध्याकाळीच तपासून घेतलं. ही स्वस्त यंत्रं खोटं बोलतात असं नाही, उशिरा बोलतात. खिशातून काढल्यावर आकडा स्थिरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोंडाजवळ धरलं तर ते आपल्या श्वासाची ओल मोजतं. एकदा आत दव धरलं की ९९ वर अडकून बसतं, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याशिवाय इलाज नाही.

दुसरा दिवस: बांबर्डे

सावंतवाडीहून बांदा, तिथून दोडामार्ग, पुढे बांबर्डे. ही वाट धरायचं कारण तिथली देवराई: रानजायफळाच्या दलदलीचं जंगल. अशा दलदली केरळ-कर्नाटकात जास्त, महाराष्ट्रात ही एवढी उत्तरेला असणं हेच नवल. जेमतेम अडीच हेक्टर जागा, आणि आता तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे.

राईत चपला-बूट बाहेर काढून जायचं असतं. देवाचा नियम आहे आणि वनस्पतींच्या बाजूनेही योग्य आहे, कारण चिखलातून वर आलेली रानजायफळाची मुळं बुटाखाली सहज सोलतात. ही मुळं गुडघा वाकवून ठेवल्यासारखी पाण्याबाहेर येतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाडाने काढलेली ही पळवाट. त्यांच्या मधोमध रोपं उगवलेली असतात. पाय टाकताना आधी खाली बघायचं, मग वर.

इथे सावली आहे, पाणी बारमाही आहे, वारा नाही. कागदावर पापुद्री नेच्याला याहून चांगली जागा सुचणार नाही. तरीही जिथवर मुळं न तुडवता जाता आलं तिथवर एकही दिसला नाही. मुळांवर पाण्याच्या रेषेपर्यंत गाळाचा पातळ थर होता, त्यावर शेवाळ आणि यकृतका (शेवाळाच्या जवळच्या बुटक्या वनस्पती, इंग्रजीत लिव्हरवर्ट), आणि सगळीकडे कुजलेला पाला.

ओल म्हटल्यावर पाणी आठवणं ही पहिली चूक असते. पाण्यात बुडणाऱ्या जागी हा नेचा बसत नाही. एक तर गाळ. पानावर गाळ बसला की उजेड बंद. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कार्बन डायऑक्साइड हवेतून जेवढ्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. पानावर सतत जाड पाण्याचा थर राहिला तर पान उपाशी राहतं. त्याला हवी असते ओली हवा, आणि अंगावर फार तर दवाइतकं पाणी. शिवाय बांबर्डे सखल भागात आहे. एप्रिल-मेमध्ये सावलीतही उकाडा असतो, आणि उकाड्यात तीच ओली हवा कोरडी व्हायला वेळ लागत नाही.

दुपारनंतर हस्ताची सर आली, गडगडाटासह. दोडामार्गात गरम घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन परत सावंतवाडी.

तिसरा दिवस: आंबोली घाट

सकाळची एस.टी. दानोली सोडलं की घाट चढायला लागतो. सावंतवाडीपेक्षा आंबोली साधारण ६०० मीटर उंच. शंभर मीटर चढलं की ढगातली हवा अर्धा-पाऊण अंशाने निवते, म्हणजे वर पोचेपर्यंत तीन-चार अंशांचा फरक. समुद्रावरून आलेली दमट हवा या भिंतीला आदळून वर चढते, निवते आणि तिचं धुकं होतं. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण आपल्या कामाचं त्याहून जास्त हे धुकं आहे. पाऊस वाहून जातो, धुकं रेंगाळतं.

रस्त्याच्या कडेचे कापलेले दरडीचे भाग आधी पाहिले आणि लगेच सोडले. तिथे हंसराज आहे, इतर नेचे भरपूर आहेत, पण वरून आभाळ उघडं आणि गाड्यांचा वारा. मोठ्या धबधब्याचंही तसंच. शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते, ते एक. पण गर्दी नसती तरी धबधब्याच्या थेट तुषारांत शोधण्यात वेळ घालवू नये. पाण्याचा मारा आणि त्यासोबत येणारी वाळू पापुद्रा फाडते.

मग कुठे? घाटाच्या पश्चिम उतारावर रस्त्यापासून आत शिरणारी एक अरुंद घळ. तिचं ठिकाण इथे मुद्दाम दिलेलं नाही, आणि फोटोतलं जीपीएस बंद ठेवावं असा आग्रह आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नेचे जमवण्याचं वेड होतं, तेव्हा आयर्लंडमधल्या किलार्नीचा पापुद्री नेचा लोकांनी ओरबाडून जवळजवळ संपवला होता. पत्ता माहीत असणं हेच त्याला भोवलं.

शोधण्याची रीत अशी. घळीत शिरल्यावर आधी दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग खडक वाचायचा. इथे वर जांभा आहे आणि खाली काळा बेसाल्ट. जांभा स्पंजासारखा पाणी पितो, बेसाल्ट पीत नाही; म्हणून जिथे दोन्ही भेटतात त्या रेषेतून पाणी पाझरत राहतं, पाऊस थांबून महिने झाले तरी. ती रेषा सापडली की तिच्या खालच्या बाजूला, खडक जिथे आत वळून छपरासारखा झालाय, तिथे बघायचं. थेट ओघळाखाली नाही. ओघळाच्या बाजूला, हातभर अंतरावर, जिथे दगडाला हात लावला तर गार आणि दमट लागतो पण बोटावर थेंब येत नाही.

जांभ्यावर मात्र शोधू नये. तो ओला दिसतो, पण त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत असतो, भोकाभोकांतून लवकर वाळतो आणि दर पावसाळ्यात झडतो. गुळगुळीत बेसाल्टवर आधी शेवाळाची गादी जमते आणि त्या गादीत नेच्याचं खोड धाग्यासारखं पसरतं.

हात घालण्याआधी बॅटरी. ही घळ चापड्यालाही आवडते. हिरवट-तपकिरी नक्षीचा हा विषारी साप दिवसाढवळ्या अशाच दगडावर निवांत बसलेला असतो आणि शेवाळात बेमालूम मिसळतो. आधी प्रकाश, मग काठी, मग डोळे. हात घालायची गरज पडतच नाही.

बॅटरीचा झोत सरळ मारायचा नाही, भिंतीला घासून तिरपा सोडायचा. शेवाळ तिरप्या उजेडात मखमलीसारखं मंद दिसतं. पापुद्री नेच्याची पानं चकाकतात, ओल्या सेलोफेनसारखी. या घळीत चकाकणारा तुकडा कंबरेच्या उंचीवर होता, दोन तळहातांएवढा, आणि पहिल्या फेरीत शेवाळ समजून मागे पडलेला.

ओळख पटवण्यासाठी क्रम ठरलेला असावा. आधी लहान बॅटरी पानाच्या मागे. उजेड आरपार आला आणि आत काळसर, तारेसारख्या, दोन-दोन फाट्यांत विभागत जाणाऱ्या शिरा दिसल्या तर अर्धं काम झालं. पानाच्या प्रत्येक फाट्यात एकच शीर जाते. शेवाळाच्या पानात मधली शीर असली तरी तिला असे फाटे फुटत नाहीत. सगळ्यात जास्त फसवतात त्या चपट्या यकृतका, खासकरून पॅलाव्हिसिनिया: त्यांनाही मध्ये शीर असते, त्याही पातळ आणि फाटे फुटणाऱ्या. पण त्या दगडाला पोटाने चिकटून पसरतात. नेच्याच्या पानाला देठ असतो, आणि तो देठ केसाळ, काळपट, दोऱ्याएवढ्या खोडातून निघालेला असतो. तिसरा फसवा म्हणजे हंसराजाची किंवा इतर नेच्यांची अगदी कोवळी पिल्लं. ती पातळ असतात, पण भिंगाखाली पेशींची जाळी स्वच्छ दिसत नाही. पापुद्री नेच्याच्या पानात मधाच्या पोळ्यासारखी जाळी लख्ख दिसते.

इथला नेचा क्रेपिडोमॅनिस प्रजातीचा होता. पान दोन ते चार सेंटिमीटर, दोनदा फाटलेलं, देठाला दोन्ही बाजूंनी हिरवी झालर. या प्रजातीला मुळंच नसतात. खोडावरचे केस धरून ठेवतात आणि पाणी पानच पितं. म्हणूनच शेवाळाची गादी उचलली की नेचा संपला. माती नाही, मुळं नाहीत, पुन्हा लावायचं काय?

बीजाणू पानाच्या कडेला, फाट्याच्या टोकावर येतात. इथे कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. कुळाचे दोन गट: एका गटात बीजाणूंचं आवरण तुतारीच्या किंवा पेल्याच्या आकाराचं असतं आणि तिच्या तोंडातून एक बारीक केस बाहेर डोकावतो; क्रेपिडोमॅनिस या गटातला. दुसऱ्या गटात एकच प्रजाती, हायमेनोफायलम. तिचं आवरण ‘तिसऱ्या’ म्हणतात त्या शिंपल्यांसारखं दोन झडपांचं. पश्चिम घाटात हायमेनोफायलम मुख्यतः दक्षिणेला, निलगिरी-पळणीच्या उंचावरच्या शोला जंगलांत. इकडे शिंपला शोधत बसू नये. तुतारी एक्सप्रेसने येऊन तुतारी बघितली एवढं पुरे.

तो केस म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या ज्यावर लागतात तो दांडा. तो बुडाकडून वाढत राहतो, त्यामुळे टोकाच्या पिशव्या जुन्या, बुडाच्या नव्या. भिंगातून टोकाच्या फुटलेल्या आणि आतल्या हिरव्या एकाच वेळी दिसतात. हिरव्या, कारण या नेच्यांच्या बीजाणूंतच हरितद्रव्य असतं. ते लगेच रुजायला तयार असतात आणि तितक्याच लवकर मरतात. इतर नेच्यांचे बीजाणू कागदाच्या पाकिटात महिनोन् महिने टिकतात. यांचे घरी नेऊन पेरू म्हटलं तर बहुतेक वेळा पाकिटातच मेलेले निघतात.

फोटो काढताना फ्लॅश समोरून मारला की ओल्या पानावर पांढरा डाग पडतो आणि सगळा तपशील जातो. बोटाएवढी बॅटरी मागून, तिच्यावर बटर पेपरचा तुकडा, आणि कॅमेरा दगडाला टेकवून. मोबाइलवर चिमट्याची मॅक्रो लेन्स चालते, पण तिच्यात फोकस कागदाएवढा पातळ असतो. हात न हलवता थोडं मागे-पुढे होत पाच-सहा फोटो घ्यावेत. किमान पाच दृश्यं हवीत: पूर्ण तुकडा पट्टीसह, एक पान वरून, तेच पान मागच्या उजेडात, तुतारीचं तोंड, आणि खोडावरचे केस. लोक नव्वद फोटो पहिल्या दृश्याचे घेऊन येतात आणि खोडाचा एकही नसतो. वातानुकूलित गाडीतून उतरलात तर कॅमेरा पिशवीतच वीस मिनिटं ठेवावा, नाहीतर लेन्सवर धुकं.

चौथा दिवस: आंबोलीचा माथा

सकाळी हिरण्यकेशी. गुहेतून झरा येतो, पुढे तीच नदी पूर्वेकडे वळून घटप्रभेला मिळते. इथल्या पाण्यातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा २०२०मध्ये नवा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी ही जागा वारसा स्थळ झाली. म्हणून कुंडात पाय घालू नये, काठावरचे दगड उलटू नयेत. गुहेच्या तोंडाची ओल नेच्यांना पोषक वाटते, पण देवळाचा वावर, उदबत्त्या, झाडलोट. भाविकांच्या हाताच्या उंचीपर्यंतचा खडक घासून स्वच्छ झालेला होता. देवळापासून दूर, झाडांच्या बुंध्यांवर जास्त आशा.

झाडावर शोधायची रीत वेगळी. सरळसोट, गुळगुळीत सालीचे बुंधे सोडायचे. कललेले, खरबरीत, जुने बुंधे घ्यायचे आणि त्यांची खालची बाजू सोडून वरची बघायची, कारण पावसाचं पाणी त्याच बाजूने ओघळतं आणि शेवाळ तिथेच जाड होतं. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत बहुधा चिखल उडालेला असतो. गुडघ्यापासून छातीपर्यंतचा पट्टा कामाचा. अशा एका बुंध्यावर नखाएवढ्या पंख्यांची रांग दिसली. क्रेपिडोमॅनिस मायन्यूटम या जातीची पानं अशीच हातपंख्यासारखी, बहुधा दोन सेंटिमीटरच्या आत. पण नुसत्या पंख्यावरून नाव ठोकून देऊ नये.

नावाचा घोळ इथेच होतो. या प्रजातीत जातीचं नाव पुष्कळदा ‘खोट्या शिरां’वर ठरतं. या लांबट, जाड भिंतीच्या पेशींच्या रेषा असतात. दिसतात शिरेसारख्या, पण खऱ्या शिरांना जोडलेल्या नसतात आणि पाणी वाहत नाहीत. पानाच्या कडेला समांतर आत एक खोटी शीर धावते का, की तिरप्या तुटक रेषाच आहेत, की काहीच नाही, यावर जात बदलते. इन्ट्रामार्जिनाले या जातीचं नावच त्या कडेआतल्या रेषेवरून पडलं आहे. दहापटीच्या भिंगाने ही रेषा कधी दिसते, कधी दिसल्यासारखी वाटते. फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

यासाठी फोल्डस्कोप बरोबर असावा. कागदाचा, घडीचा सूक्ष्मदर्शक, सुमारे १४० पट मोठं दाखवणारा. आदल्या दिवशी ओघळात तुटून पडलेला एक सुकता फाटा काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवून बघितला. पेशींचा एकच थर, प्रत्येकीत हिरवे दाणे, आणि कुठेही पर्णरंध्र नाही. थेंब घालताना आधी पान, मग पाणी, मग झाकण एका कडेने तिरपं टेकवत सोडायचं. सपाट टाकलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि काळ्या कडांचे ते गोल लोकांना बीजाणू वाटतात. जिवंत पान तोडायचं नाही. अभ्यासासाठी नमुना हवाच असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी.

परवानगी घेऊन नमुना काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो मुक्कामावर नेऊन दाबू म्हटलं तर वाटेतच चुरगळून वळतो. जागेवरच ताटलीत पाणी घ्यावं, त्यात पान तरंगवावं, खालून कागद सरकवून पान कागदावर उचलावं, समुद्रशेवाळ चिकटवतात तसं. मग टिपकागदात.

दुपारी कावळेसाद. दरीतून उलटं वर येणारं पाणी बघायला लोक जातात. नेच्यांच्या हिशेबाने तिथे काही नाही: धुकं आहे, पण वारा त्याहून जास्त. ओली हवाही सतत वाहती असेल तर उघडीप मिळताच पान सुकवते.

पाचवा दिवस: पुन्हा घळ

आदल्या दुपारपासून पाऊस नव्हता आणि सकाळी स्वच्छ ऊन पडलं. परतीच्या वाटेवर घळीत पुन्हा जायचं ते यासाठीच. ओघळाजवळची पानं तशीच पसरलेली; तुकड्याच्या बाहेरच्या कडेची पानं मात्र आतल्या बाजूला वळून गडद, निस्तेज झालेली. आदल्या फेरीत पट्टी ठेवून फोटो काढला होता म्हणूनच फरक कळला. एका वळलेल्या पानावर पावसाच्या पाण्याचे दोन फवारे. मिनिटाभरात टोकं हलली, दहा मिनिटांत पान सपाट. न उघडणारं पान मेलेलं असतं आणि त्याचा रंग तपकिरी असतो, काळपट हिरवा नाही. वळलेलं आणि मेलेलं यात गफलत करू नये. हा प्रयोग एका पानावर एकदाच करावा. पुन्हा पुन्हा भिजवून सुकवणं त्याला महागात पडतं.

हे पाहिल्यावर पुष्कळांना वाटतं, बरणीत चालेल की! लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला १८२९मध्ये बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला, आणि त्यातून निघालेल्या काचपेट्यांत पुढे पापुद्री नेचे वाढवलेही गेले. पण ते लंडनचं हवामान. मुंबई-पुण्यात एप्रिलमध्ये खिडकीजवळची बंद बरणी तासाभरात भट्टी होते, आणि सावलीत ठेवली तर बुरशी नेच्याच्या आधी वाढते. जे टिकतं ते चार-सहा महिने, जंगलातून आणलेल्या शेवाळाच्या जुन्या ओलीवर.

निघण्याआधी ओघळाच्या मागची अंधारी फट भिंगाने बघितली. तिथे हिरव्या कापसासारखी बारीक तंतूंची गादी होती, पानं कुठेच नाहीत. ही बहुधा नेच्याची पहिली पिढी, गॅमेटोफाइट. इतर नेच्यांत ती चपटी, बदामाच्या आकाराची असते. क्रेपिडोमॅनिसच्या गटात तंतूंची, हिरव्या शेवाळ्याशी गल्लत होण्याजोगी. ती स्वतःचे तुकडे पाडून वर्षानुवर्षं पसरू शकते, पान कधीच न काढता. किलार्नीच्या नेच्याची अशी गादी ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी आहे, जिथे पूर्ण वाढलेला नेचा नाहीच. आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली क्रेपिडोमॅनिस इन्ट्रिकेटम ही जात तर फक्त याच रूपात माहीत आहे. म्हणून पानं दिसली नाहीत म्हणजे नेचा नाही, असं लिहून टाकू नये. बांबर्ड्याच्या नोंदीतही ‘पानं दिसली नाहीत’ एवढंच लिहिलं.

नोंदवहीत शेवटी तुकड्याची लांबी-रुंदी, ओघळापासूनचं अंतर, दगडाची दिशा, यंत्राचा आकडा आणि वेळ. पुढच्या सप्टेंबरात तोच फोटो त्याच जागेवरून, त्याच पट्टीसह घ्यायचा आहे. तेव्हा समोरच्या दगडावर पाय कुठे रोवला होता, त्याचाही एक फोटो काढून ठेवला.